दोन्ही बाजूंना एकच नस

भोपाळपासून तुटून आमचं वेगळं राज्य होऊन दोन वर्षं झाली तरी दोन राज्यांत कर्मचाऱ्यांची वाटणी संपली नव्हती. भोपाळला जाणाऱ्यांची यादी लागली, त्या आठवड्यात ह्यांच्या ऑफिसातले सतरा जण आजारी पडले. एकाला तर दिसेनासं झालं. यादीतलं स्वतःचं नाव मात्र त्यानं लांबूनच वाचलं होतं.

माझ्या नवऱ्याचंही, दिवाकरचं, नाव होतं. मंगळवारी सकाळी हे ऑफिसात टेबलावर डोकं ठेवून झोपले ते उठेचनात. सगळ्यांनी येऊन कौतुक केलं.

तीन वाजता मला फोन आला, तोही अभिनंदनाचा. ह्यांच्या ऑफिसातले बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, यशवंतराव म्हणाले, "वहिनी, मानलं! बाकीचे कण्हून राहिले, आपला दिवाकर घोरून राहिला. साहेब ओरडून गेले तरी हालला नाही पोट्टा!"

ब्राह्मणपाऱ्यातल्या घरून रिक्षा करून ऑफिसात धावले. चिमटा काढला. ह्यांनी डोळे उघडले, हो म्हणावं तसं "हव" म्हणाले आणि पुन्हा झोपले.

"भाऊजी, हे सोंग नाही. ह्यांना साधी भाजी आवडल्याचं सोंग जमत नाही."

"म्हणूनच तर कौतुक!"

चौघांनी उचलून दवाखान्यात नेलं खरं, पण वाटेत एकेक जण ह्यांच्या कानात सांगत होता, "आँख मत खोलना भैया, भोपाल जाना पड़ेगा."

सीटी स्कॅन स्वच्छ निघाला. यशवंतराव हळहळले. "पकडले गेलो, वहिनी. उठवा आता."

डॉक्टर नीलिमांनी मात्र एमआरआय करवला आणि मला कागदावर काढून दाखवलं. मेंदूच्या मधोमध माणसाला जागं ठेवणारे दोन गोळे असतात. बहुतेकांत दोघांना रक्त पुरवणाऱ्या वेगवेगळ्या नसा. ह्यांच्यात जन्मापासून एकच नस दोन्हीकडे जाणारी, आणि तीच बंद पडलेली.

यशवंतरावांनी कागद उलटसुलट पाहिला. "एकच लाइन? वाटणी नाही झाली? मग भोपाळला पाठवताच येत नाही!" आणि झेरॉक्स काढायला पळाले.

मला भोपाळचं काही पडलं नव्हतं. "उठतील ना हो?"

"उठतील बहुतेक. तुम्हाला ओळखतील का, ते सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाल्या.

पाच दिवस ऑफिसातले येत राहिले. भेटायला कमी, शिकायला जास्त. सहाव्या दिवशी उशीला टेकवून बसवलं तर ह्यांनी डोळे उघडले. नजर सरळ भिंतीवर. वर होईना, खाली होईना. पलंग उंच, आणि मी पावणेपाच फुटांची. ह्यांच्या नजरेत यायला स्टुलावर चढले.

"अहो, मी कोण?"

हे पाहत राहिले. लग्न ठरवायला आले होते तेव्हाही एवढं पाहिलं नव्हतं.

इतक्यात दारातून यशवंतराव कुजबुजले, "बोलू नको, दिवाकर! मेडिकल बोर्ड जिन्यात आहे. एक शब्द बोलला तर गेला भोपाळले!"

"बोला हो," मी म्हटलं. "माझं नाव सांगा."

बोर्डाचे तिघं आत आले. स्टुलावरच्या बाईकडे बघून थबकले.

"कौ... मुदी," हे म्हणाले. "पडशील."

बोर्डाच्या साहेबांनी लगेच लिहिलं: रुग्ण बोलतो. यशवंतरावांनी कपाळ धरलं.

"लिहा साहेब," मी वरूनच म्हणाले, "नावानिशी लिहा!"