दारापलीकडची बाई

रत्ना वड्यांचा ट्रे घेऊन बेसमेंटच्या पायऱ्या उतरत होती, तेवढ्यात सुनेत्राने पाहुण्यांसमोर पडद्यावरचं चित्र थांबवलं. रत्नाही शेवटच्या पायरीवर थांबली.

जुना, काळापांढरा इटालियन सिनेमा. डावीकडे झुंबराखाली दहाबारा माणसं जेवायला बसलेली. उजवीकडे उघड्या दारापलीकडे त्यांची मोलकरीण उभ्याउभ्याच पावाचा तुकडा चघळत होती.

"बघा हं," सुनेत्रा म्हणाली. "दिग्दर्शक कुणाला गरीब म्हणतच नाही. सगळ्यांना एका फ्रेममध्ये ठेवतो, बस. केवढा कॉन्ट्रास्ट! त्यात बाहेर युद्ध नुकतंच संपलंय. तो संदर्भ धरला की तो तुकडा केवढा वाटतो!"

"ब्रिलियंट यार," तिचा नवरा प्रताप म्हणाला. "मावशी, वडे इकडे."

अमेरिकेतल्या श्रूजबरीच्या या घरात बाळ सांभाळायला येऊन रत्नाला चौदा महिने झाले होते. तिकडे नाशिकला लेकीचे दिवस भरत आले होते, आणि रत्नाचा पासपोर्ट सुनेत्राच्या बेडरूममधल्या कपाटात, कुलपात होता. तिने दोनदा मागून पाहिला. "हरवला तर न्यूयॉर्कला वकिलातीत खेपा कोण घालणार, मावशी? आणि तुम्ही तर घरच्याच!" दोन्ही वेळा हेच उत्तर.

गावच्या देवळात आख्यान ऐन भरात आलं की बुवा टाळ थांबवत. त्या शांततेत जो तो आपलं काळीज चाचपून बघे. इथेही तसंच शांत झालं होतं, पण सगळे वडे खात होते.

"मावशी, तुम्हाला काय वाटतं?" पाहुण्यांतल्या हिमानीने विचारलं.

"त्यांना काय विचारतेस! सबटायटल्स इंग्लिशमध्ये आहेत," प्रताप हसला.

रत्नाने ट्रे खाली ठेवला, पदराला हात पुसले.

"वाचायला कशाला हवं? तिला बाहेर जायचंय."

"असं?" सुनेत्रा कौतुकाने म्हणाली.

"वाट त्यांच्या पंगतीतनं जाते. कुणी उठल्याबिगर ती जाणार कशी?"

"वा, मावशी! हे माझ्या लक्षातच..." सुनेत्रा बोलता बोलता थांबली.

देवाचं नाव घेऊन रत्ना बोलली.

"ताई, माझी लेक पुढच्या महिन्यात बाळंत होणार. माझा पासपोर्ट द्या."

कुणीतरी हातातली प्लेट हळूच खाली ठेवली. प्रतापने रिमोट उचलला आणि नुसताच धरून बसला.

"आत्ता, मावशी? लोकांसमोर?" सुनेत्राचा आवाज बारीक झाला. "आधी चहा टाका ना. मग बोलू."

हिमानी उठून उभी राहिली.

"चहा राहू दे. मावशी, इथे बसा."

रत्ना बसली. या खोलीत ती पहिल्यांदाच बसत होती. पाठ टेकायचं तिला सुचलं नाही.

सुनेत्रा कुणाकडे न बघता वर गेली. स्वयंपाकघराशी तिची पावलं थबकली. खाली कुणी हललं नाही.

मग बेडरूमकडे जाणाऱ्या जिन्याची पहिली पायरी वाजली.