न उचललेल्या पेशी

मी एक जुना चिमटा आहे. लगेच स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणू नका, मित्रांनो. तापलेली भांडी उचलणे हे माझे काम नव्हे. मी प्रकाशाचा चिमटा आहे. लेसरचा किरण एका जाड भिंगातून अगदी बारीक ठिपक्यावर गोळा केला, की तो ठिपका पाण्यात तरंगणारी एखादी इवलीशी वस्तू धरून ठेवतो. ठिपका सरकवला की वस्तूही मुकाट्याने मागे येते. मला बोटे नाहीत, दात नाहीत, तरी मी धरतो. याचा मला फार गर्व होता आणि तो मी कधी लपवला नाही.

माझी जुळणी तळघरातल्या एका खोलीत झाली. ती केली बाईंनी. बाई म्हणजे त्या प्रयोगशाळेच्या प्रमुख; तिथे त्यांना सगळे नुसते बाईच म्हणत. एकेक आरसा त्यांनी केसाएवढा फिरवून बसवला. त्यापायी त्यांची मान जी आखडली ती पुढे कधी सुटली नाही. वरच्या रस्त्याने जड गाडी गेली तरी मला धक्का बसू नये म्हणून माझे टेबल हवेच्या पायांवर तरंगत ठेवले होते. दारावर पाटी होती: टेकू नका, मोठ्याने बोलू नका, दार आपटू नका. मी नाकावर माशी बसू देत नसे. कोणी शिंकले तरी माझे आकडे बिघडत आणि खोलीभर सगळे त्या शिंकणाऱ्याकडे रागाने बघत.

सुरुवातीची वर्षे मजेची गेली. काम काय, तर काचेचे बारीक मणी धरायचे आणि सोडायचे. पाहुणे येत, पडद्यावर मणी नाचलेला बघत, वा वा म्हणत आणि चहाला निघून जात. माझ्या अंगावर मूठभर मांस चढे. मग बाईंनी माझ्यापुढे रक्त आणून ठेवले आणि खेळ संपला.

तुमच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फार मऊ असतात, मित्रांनो. स्वतःपेक्षा अरुंद वाहिनीतूनही त्या दुमडून, अंग चोरून निघून जातात. पण रक्ताचा एक आजार काही घरांत आईबापांकडून मुलांकडे येतो. त्यात पेशी ताठ होतात आणि वाटेत अडकून बसतात. मग हातपाय, पाठ, छाती असे दुखते की माणूस गुरासारखा ओरडतो. मी पेशीच्या दोन्ही बाजूंना एकेक मणी चिकटवून ती हळूच ताणायचो. किती ताणली जाते त्यावरून ती किती ताठ आहे ते कळायचे. औषध टाकून पुन्हा ताणले, की औषधाचा गुण आला का तेही कळायचे.

ज्या मुलीचे रक्त यायचे तिला तिचा मामा बुटकी म्हणे. आजाराने तिची वाढच होऊ दिली नव्हती. आईबाप नव्हते, मामानेच सांभाळले होते. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. तिला दर महिन्याला इस्पितळात दुसऱ्यांचे रक्त चढवावे लागे आणि त्याच फेरीत थोडे रक्त बाईंकडे यायचे, चढवण्याआधी काढलेले, तिचे स्वतःचे.

बाईंनी बरीच औषधे करून पाहिली. एकाही औषधाने काही होईना. आणि मग एका औषधाने झाले. माझ्या पकडीत जी पेशी लाकडासारखी वागायची ती रबरासारखी ताणली गेली आणि सोडल्यावर पुन्हा गोल झाली. एक नाही, पुष्कळ पेशी. बाई खुर्चीत मागे टेकल्या. पुढे लेख छापून आला, माझा फोटो आला, माणसे माझ्यापुढे उभी राहून हसत फोटो काढू लागली. मला आकाश ठेंगणे झाले होते. इस्पितळातल्या डॉक्टरांनी बुटकीला ते औषध सुरू केले. आता औषधच पुरेल, पोरीला उगाच सुया नकोत, म्हणून रक्त चढवणे लांबणीवर टाकले. मामा तर सगळ्या दुकानाला सांगत सुटला.

एकदा तिला स्वतःच्या पेशी बघायच्या होत्या, म्हणून मामा तिला घेऊन आला. त्याचे आधी भिंगाकडेच लक्ष गेले.

"हे कोणी घासलंय हो बाई? आमच्या मालकाच्या हाती लागलं तर तो विकायचाच नाही, देवासारखा काचेत ठेवेल."

"मामा, टेकू नकोस. पाटी वाच," बुटकी म्हणाली.

बाईंनी तिला स्टुलावर बसवले, पडद्यावर पेशी दाखवली, ताणून दाखवली. मीही अंगात आल्यासारखे काम केले. तिने ते नीट पाहिले. मग पडद्याच्या खालच्या कडेला बोट नेले.

"आणि या खाली बसलेल्या कोण?"

"त्या काचेला चिकटल्या गं. उचलता येत नाहीत. मग त्या सोडून द्यायच्या आणि तरंगणारी घ्यायची."

"म्हणजे त्यांना ताणलंच नाही?"

"नाही."

"मग त्यांना औषध लागलं का ते कसं कळलं?"

मामा हसला. "हिला वकील करा." बाई हसल्या नाहीत. "बघते मी," एवढेच म्हणाल्या.

मित्रांनो, ही आमच्या कामाची रीतच होती. माझ्यासारखे चिमटे जिथे जिथे आहेत तिथे ती आहे. चिकटलेली पेशी कोणी मोजत नाही, कारण ती मोजता येत नाही. पण त्या आजारात पेशी जितकी वाईट, तितकी ती चिकट. आम्ही इतके दिवस बुटकीच्या रक्तातल्या त्यातल्या त्यात बऱ्या पेशी निवडून काढल्या होत्या आणि त्या आणखी बऱ्या झाल्या म्हणून आनंद केला होता.

बाईंनी माझा प्रकाश वाढवून चिकटलेल्या पेशी उपटायला लावल्या. त्या माझ्या पकडीत फुटल्या. मग त्यांनी मला बाजूला ठेवले आणि काचेवरून हळूहळू पाणी वाहू देऊन त्या पेशी वाकतात का ते पाहिले. औषधाआधी वाकत नव्हत्या. औषधानंतरही नाही. बाईंनी तिथूनच इस्पितळात फोन लावला, तिला रक्त चढवा म्हणून. तिकडून सांगितले की ती सकाळीच दाखल झाली आहे, छातीत दुखतेय. रक्त चढवले, सगळे केले. ती वाचली नाही.

मामा नंतर आला. दाराशीच उभा राहिला.

"बाई, मशीन खोटं बोललं का?"

"नाही हो. आम्ही विचारलं तेवढंच त्यानं सांगितलं."

"मग कुणी विचारायला हवं होतं?"

"मी."

त्याने मान हलवली. त्याला रागावता आले असते तर बरे झाले असते असे मला वाटले. तो तसाच परत गेला.

बाईंनी लेख मागे घेतला. मग पैसे आटले, माणसे पांगली. माझ्या हवेच्या पायांतली हवा गेली आणि मी जमिनीवर टेकलो. माझ्यावर प्लॅस्टिक टाकले आहे. त्यावर कोणीतरी जुने कीबोर्ड रचून ठेवलेत. दारावरची पाटी पडली, आणि ती पुन्हा लावायची गरज कोणाला वाटली नाही.

आता याच खोलीत नवे यंत्र आले आहे. त्यात एक अतिशय बारीक नळी आहे. पेशी रांगेने तीतून धावतात आणि कॅमेरा प्रत्येकीचा फोटो काढून ती किती दबली ते सांगतो. मी दिवसभरात जेवढ्या धरायचो तेवढ्या तिथे डोळ्याचे पाते लवेपर्यंत होतात. निवृत्त झाल्यावर बाई आपली पुस्तके न्यायला आल्या, तेव्हा ते चालवणाऱ्या संशोधकाने त्यांना कौतुकाने सगळे दाखवले.

"नळीत एखादी अडकली तर?" बाईंनी विचारले.

"जोरात पाणी मारतो. नाहीतर सगळं काम तुंबतं ना."

"आणि ती मोजता?"

"ती गेली की, बाई. कशी मोजणार?"

बाईंनी खुर्ची ओढली आणि त्याला सगळे सांगितले, बुटकीपासून. त्याने अगदी आदराने ऐकले. "बघतो मी," म्हणाला. त्यांना दारापर्यंत सोडून आला, पुस्तके गाडीत ठेवायला मदत केली. परत येऊन बसला तर नळी तुंबली होती. त्याने पाणी मारले.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू अशा वेळी आपली धूळ पुसा, आपल्याला सांभाळा असे म्हणतात. माझी धूळ राहू द्या. माझा लेसर विझला आहे आणि मला पुन्हा उभे करण्यात काही अर्थ नाही. तुमच्यातले कोणी मोठेपणी त्या यंत्रापाशी बसले, तर पाणी मारण्याआधी एवढे करा, अडकलेली पेशी कोणाची आहे ते पाहा आणि तिची नोंद ठेवा. कोणी ठेवेल असे मला आता वाटत नाही. तरी सांगून ठेवतो. मी हे बोलत असतानाच पलीकडे त्याने पुन्हा पाणी मारले.