माळावरचा नारळ

परदेशी पैसा आपल्याकडे आला की त्याला रस्ता दाखवायला माणूस लागतो, असं सरकारला वाटतं. सातारा-सांगलीसाठी हे काम उदयसिंह साहेबांकडे होतं. त्यांच्या टेबलावरच्या यादीत कोणत्या धंद्यात परदेशी पैसा न्यायचा ते लिहिलेलं असे. कराडच्या वाट्याला ड्रोन आले होते. हळद 'पारंपरिक' या सदरात पडली होती, म्हणजे जिला परदेशी पैशाची गरजच नाही अशी. हे कुणाला विचारून ठरवलं, असं मी एकदा जाऊन विचारलं, तेव्हा मला चहा मिळाला.

मी साक्षी, आष्ट्याची सून. माझ्या सासूबाई मनुबाई, ज्यांना मी आत्या म्हणते, गावात हळद दळायचा कारखाना चालवायच्या. तीस बाया कामाला. पण मोठ्या मिलपुढं आमचा टिकाव लागेना. डेन्मार्कच्या एका औषध कंपनीला खात्रीची हळद हवी होती आणि आमच्याकडे नवी यंत्रं घालून भागीदार व्हायची तिची तयारी होती. दोन वर्षं मी त्यांना मेल लिहिले. शेवटी त्यांचे योहान साहेब सही करायला येणार असं ठरलं. सही झाली तर कारखाना चालणार, नाही तर दिवाळीला कुलूप, हे आत्यांनी बायांना स्वच्छ सांगून टाकलं होतं.

मग मला शहाणपण सुचलं. परदेशी पाहुणा येतोय म्हणून उदयसिंह साहेबांच्या कार्यालयाला मी रीतसर पत्र दिलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

साहेबांनी पाहुण्याला वाटेतच गाठलं. साताऱ्यात शाल, कराडात फेटा, दोन्हीकडे तासभर भाषणं. मग त्याला कराडबाहेरच्या एका माळावर नेलं. तिथं मंडप होता, बँड होता आणि ड्रोनच्या चित्राचा भलामोठा फलक होता. योहान साहेबांच्या हातात नारळ देऊन समोरचा दगड दाखवला. बिचाऱ्याला वाटलं, हासुद्धा स्वागताचाच भाग. त्यानं जोर लावून नारळ आपटला. टाळ्या पडल्या. 'ड्रोन प्रकल्पाचा शुभारंभ' हा फोटो पाहुण्याच्या आधी आष्ट्यात पोचला.

पाहुणा आला तेव्हा पाच वाजून गेले होते. डोक्यावरचा फेटा एका कानावर आला होता. बाया ठेवणीतली लुगडी-साड्या नेसून सकाळपासून उभ्या होत्या. त्यानं हळद चिमटीत चोळली, वास घेतला, खूश झाला आणि बॅगेतून कागद काढले. मी आत्यांपुढं पेन धरलं. त्यांनी ते घेतलं नाही.

"माळावर नारळ ह्यांनीच फोडला न्हवं?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, हो, पण त्यांना काही ठाऊक नव्हतं, साहेबांनी फोडायला लावला. योहान साहेबांनाही विचारलं. ते गडबडून म्हणाले, मला ड्रोनमधलं काही कळत नाही, मी फक्त हळदीसाठी आलोय. मी ते शब्दन् शब्द आत्यांना सांगितलं.

"नारळ फोडला म्हंजी काम धरलं," आत्या म्हणाल्या. "तिकडची माणसं आता वाट बघत बसत्याल. त्यांचा शबुद मोडून आमच्यात सुरवात न्हाई करायची. आदी त्यांचं पुरं करा, मग आमच्यात या म्हणावं."

मी हात जोडले, भांडले, बायांमधली एक तर रडायलाच लागली. आत्यांनी पाहुण्याला पोटभर जेवू घातलं आणि गाडीपर्यंत पोचवलं. गाडीत बसताना तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला काय समजावणार? माझं मलाच समजत नव्हतं. त्या दिवशी मला आत्यांचा मनापासून राग आला होता.

पुढं त्या फोटोवरून कंपनीनं जाब विचारला. कार्यालयानं उत्तरादाखल अभिनंदनाचं पत्र पाठवलं. मग कंपनी हळद शोधायला दुसऱ्या देशात गेली. माळावर ड्रोनही आले नाहीत. दिवाळीला आमच्या कारखान्याला कुलूप लागलं. आता त्या तीस बाया मोठ्या मिलमध्ये रोजंदारीवर जातात.

न राहवून मी साताऱ्याला गेले आणि घडलं ते सगळं उदयसिंह साहेबांना सांगितलं. त्यांना खरोखर वाईट वाटलं. पुन्हा चहा आला.

"अहो, एका नारळाचं एवढं काय मनावर घ्यायचं?" ते म्हणाले. "आम्ही आठवड्याला चार फोडतो."

हे मी आत्यांना अजून सांगितलेलं नाही.