घरात माणसं किती?

रसिकाला कुठलीही शेगडी चालत होती. कुठलाही मिक्सर चालत होता. दुकानात शिरल्यापासून 'चालेल' याशिवाय दुसरा शब्द तिच्या तोंडून निघाला नव्हता. रखमाबाईंनी बराच वेळ सोसलं, मग त्यांच्याने राहवेना.

"अगं, लग्न तुझं आहे की माझं?"

"तुम्ही घ्याल ते चांगलंच असणार, आई."

"मी घेईन. पण तिथे पोळ्या लाटायला मी येणार आहे का?"

शेगड्या दाखवणारा कमलेश हसला. दिवसभर अशा मायलेकी बघून त्याला सवय झाली असावी. "मावशी, सगळ्या मुली अशाच. आता चालेल म्हणतील, आणि महिन्याने आईला फोन करतील, तू घेतलेला मिक्सर किती बोंबलतो म्हणून. मुलीचंच लग्न ना?"

"मुलीचंच," रखमाबाई म्हणाल्या.

रसिकाने मान वळवली आणि उगाच एका शेगडीचं बटण फिरवून पाहिलं. ती त्यांची मुलगी नव्हती, सून होती. विनीत, रखमाबाईंचा एकुलता एक, तापाचं निमित्त होऊन गेला तेव्हा सान्वी बालवाडीत होती. आता ती तिसरीत आहे. सहदेवराव, विनीतचे वडील, त्याच्याही आधी गेलेले. घर चालायला हवं म्हणून रसिकाने ठाण्यात नोकरी धरली. सकाळी अंधारात बाहेर पडायची, यायला रात्र व्हायची. सान्वीची वेणी, डबा, शाळा, आजारपण, सगळं विठ्ठलवाडीच्या त्या दोन खोल्यांत आजीच्या हातून होत गेलं.

गुरुदत्त रसिकाच्याच ऑफिसातला. वर्तकनगरला राहणारा, आईवडिलांच्या माघारी एकटाच. त्याने विचारलं तेव्हा रसिका सरळ नाही म्हणाली होती. रखमाबाईंनीच तिला समोर बसवलं आणि म्हणाल्या, माझ्या मुलाचं आयुष्य देवाने तेवढंच लिहिलं होतं, तुझं नाही. बोलणी त्यांनीच केली, तारीख त्यांनीच धरली. रसिकाचे आईवडील हयात नाहीत, तेव्हा माहेरची बाजूही त्याच सांभाळणार होत्या. शेजारपाजारच्या बायका आधी कुजबुजल्या, मग गप्प झाल्या, आणि आता साडीला फॉल लावून द्यायला येऊ लागल्या होत्या. गुरुदत्तच्या स्वयंपाकघरात चहाचं पातेलं आणि एक विजेची शेगडी एवढाच काय तो संसार. म्हणून आज शनिवारी, सान्वीला शेजारच्या समृद्धीकडे ठेवून, दोघी शेअर रिक्षाने कल्याणच्या या दुकानात आल्या होत्या.

सगळं ठरलं होतं. फक्त लग्नानंतर सान्वी कुठे राहणार, हे कोणी कोणाला विचारलं नव्हतं. रसिका आज विचारील, उद्या विचारील म्हणून रखमाबाई वाट बघत होत्या. रसिकाही तशीच वाट बघत असेल हे त्यांच्या मनात आलं नव्हतं.

शेगडी ठरली. मिक्सर दोन-तीन लावून बघितले. कमलेश त्यांना फ्रिजच्या रांगेकडे घेऊन गेला आणि एका उंच फ्रिजच्या दारावर हात ठेवून म्हणाला, "बोला मावशी. घरात माणसं किती?"

"दोन," रसिका म्हणाली.

"तीन," रखमाबाई म्हणाल्या.

दोघी एकदमच बोलल्या. कमलेशने एकीकडे बघितलं, मग दुसरीकडे. "नक्की करा. त्यावर लिटर ठरतात," तो हसत म्हणाला. पण कोणीच हसलं नाही, तेव्हा त्याचंही हसू गेलं. "मी पाणी आणतो," म्हणून तो निघून गेला.

रखमाबाई तिथल्याच एका स्टुलावर बसल्या. पाय दुखत होते म्हणून नाही. 'दोन' हा शब्द कानात पडला त्याच क्षणी त्यांच्या छातीत काहीतरी उसळलं होतं, आणि ते दुःख नव्हतं. आनंद होता. सान्वी राहणार. सकाळी तिच्या केसांत फणी फिरवायला मिळणार, दुपारी तिची वाट बघायला मिळणार. आपण तीन म्हणालो ते खरं, पण तीन म्हणताना आपण आतून दोनच ऐकायला टपलो होतो, हे त्यांना लख्ख दिसलं. देवासमोर उभं राहिल्यावर माणसाला स्वतःचं काही लपवता येत नाही तसं झालं त्यांना, आणि समोर तर नुसता फ्रिज होता.

गेल्या एकादशीला देवळात अक्रूराच्या रथाचं आख्यान लागलं होतं. बुवांनी गोपींचा आकांत असा उभा केला की सगळा मंडप मुसमुसत होता. मग त्यांनी चिपळ्या थांबवल्या आणि विचारलं, गोपी रथापुढे आडव्या झाल्या, पण यशोदा कुठे होती? आणि बुवाच हळू म्हणाले, ती घरात होती, लेकराची शिदोरी बांधत होती. रखमाबाई त्या दिवशी पदर भिजेपर्यंत रडल्या होत्या. पण कीर्तनातलं रडणं गोड असतं. आरती होते, बुक्का लागतो, माणूस हलका होऊन घरी जातो. इथे तसं काही होत नव्हतं. इथे डोळ्यांत टिपूस नव्हता.

"तू दोन का म्हणालीस?" त्यांनी विचारलं.

रसिका त्यांच्यासमोर उभीच होती. "तुम्हाला दुसरं कोण आहे, आई?"

"मला पांडुरंग आहे."

"पांडुरंगाची वेणी घालावी लागत नाही."

एरवी रखमाबाई हसल्या असत्या. "गुरुदत्त काही म्हणाला का? खरं सांग. त्याला पोर नको आहे का?"

"नाही हो! ते तर म्हणतात तिला घेऊनच ये. खिडकीपाशी तिला अभ्यासाला टेबलसुद्धा करून घेतलंय. मला दाखवलं परवा. गुलाबी खुर्ची आणलीय." रसिका बोलता बोलता थांबली. "मीच काही बोलले नाही त्यांना अजून."

खिडकीपाशी टेबल. रखमाबाईंच्या घरात सान्वी पाटावर बसून, कॉटवर वही ठेवून अभ्यास करायची. त्यांनी टेबल डोळ्यांसमोर आणून बघितलं. त्यावर सान्वीला बसवून बघितलं. चांगली दिसली ती तिथे.

"मग झालं तर," त्या म्हणाल्या. "आणि माझं कारण पुढे करू नकोस. माझ्यासाठी पोर ठेवून जायचं म्हणजे मी काय तिला गहाण मागितलीय का? तुझं खरं कारण काय ते बोल."

मागच्या टीव्हींवर एकच जाहिरात ओळीने सगळीकडे चालू होती. रसिका त्यांच्या शेजारी, जमिनीवरच्या लाकडी फळीवर बसली. ऑफिसला जाणारी, इस्त्रीचा ड्रेस घातलेली बाई तिथे बसलेली बघून एक गिऱ्हाईक वळून बघत पुढे गेलं.

"मागच्या आठवड्यात तिला ताप होता ना," रसिका म्हणाली, "तेव्हा मी कपाळाला हात लावायला गेले. तिने माझा हात झटकला नाही, आई. पण कपाळ तुमच्याकडे केलं." तिचा आवाज फाटला. "मला तिचं काही माहीत नाही. काय खाते, कशाने रुसते, झोपताना काय लागतं. मी रविवारची आई आहे. तिकडे नेल्यावर ती रडेल. आणि माझ्याकडे बघून रडेल. मी काय करू तेव्हा?"

रखमाबाईंना वाटलं होतं की सुनेला नव्या संसारात मोकळं व्हायचं असेल. माणसाच्या मनात काय काय येतं. तसं असतं तर किती सोपं झालं असतं; रागावता आलं असतं, पोर ठेवून घेता आली असती आणि वर चांगुलपणाही मिळाला असता. त्यांनी रसिकाच्या पाठीवर हात ठेवला.

"रडेल. का नाही रडणार? मलाही फोन करून रडेल. तू तेव्हा नुसती बसून राहा तिच्यापाशी. उठून जाऊ नकोस, एवढंच कर."

"तुम्हीपण चला. चौघं राहू. मी यांच्याशी बोलते."

"नाही गं."

"का? लोक काय म्हणतील म्हणून?"

"लोक गेले खड्ड्यात. मी तिथे असले की ती कपाळ माझ्याकडेच करणार. तुला पोर मिळायची कधी मग?" त्या थांबल्या. आपण हे म्हणालो याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. "सणाला येईन. सुट्टीत ती येईल. पण तुमचं घर आधी बसू दे."

कमलेश पाण्याचे ग्लास घेऊन आला. दोघींचे चेहरे बघून तो लांबच उभा राहिला. रखमाबाई पाणी प्यायल्या आणि ग्लास परत देऊन स्टुलावरून उठल्या.

"तीन," त्या म्हणाल्या. "तीन माणसं. त्यातलं एक लहान आहे."

पुढचा वेळ मग वेगळाच गेला. कमलेशने एका फ्रिजचं दार उघडलं तेव्हा रखमाबाईंनी वाकून आत बघितलं आणि आपला हात छातीइतका उंच धरला. "एवढी आहे ती. दूध खालच्या कप्प्यात राहील असा दाखव. आणि रसिका, दूध देताना साय काढून द्यायची. पण तिच्यासमोर नाही काढायची. एकदा दिसली की पेला तसाच राहतो."

"बरं."

"थंड पाण्याच्या बाटल्या वर ठेवायच्या, मागे. मागून घेऊ दे. गुपचूप पिते आणि मग घसा धरतो."

"मोबाईलमध्ये लिहून घेऊ का, आई?"

"लिहून काय घेतेस? पोर आहे, पाककृती नाही."

या खेपेला रसिका हसली, आणि हसता हसताच तिने डोळे पुसले.

मिक्सरकडे त्या पुन्हा गेल्या. आधी ठरलेला रखमाबाईंनी मोडीत काढला, कारण त्याचा आवाज एकदम चढत होता. "सान्वीला नको तो. मिक्सर लावायच्या आधी 'सानू, लावते गं' असं सांगायचं. न सांगता लावलास की दचकते, मग जेवत नाही. विनीत तसाच होता." विनीतचं नाव इतकं सहज निघालं की दोघींनाही ते नंतर जाणवलं. रसिकाने चार मिक्सर लावायला सांगितले. प्रत्येक वेळी डोळे मिटून ऐकलं. शेवटी एकावर हात ठेवून म्हणाली, "हा. याचा आवाज हळूहळू वाढतो."

"बघ," रखमाबाई म्हणाल्या. "कळतं की तुला."

कुकर घेताना मात्र रसिकाने त्यांचं ऐकलं नाही. त्या छोटा घ्या म्हणत होत्या, तिने मोठा घेतला. "तुम्ही याल तेव्हा," एवढंच म्हणाली. रखमाबाईंनी वाद घातला नाही.

सामान कुठे पोचवायचं हे कमलेशने विचारलं. रसिकाने वर्तकनगरचा पत्ता सांगितला. तो सांगेपर्यंत रखमाबाई दुकानाबाहेर जाऊन पायरीवर उभ्या राहिल्या. रिक्षावाले ओरडत होते, कोणी फुलांच्या वेण्या विकत होतं. तिथे, भर बाजारात, त्यांना रडू आलं. पांडुरंगा, पांडुरंगा, एवढंच त्या पुटपुटत राहिल्या. रसिका मागून येऊन उभी राहिली. रिक्षात बसल्यावर विठ्ठलवाडी येईपर्यंत तिने त्यांचा हात आपल्या हातात धरून ठेवला.

घरी येऊन रखमाबाई पाय धुऊन कॉटवर टेकल्या, तोच समृद्धीच्या दारातून सान्वी धावत आली. एक वेणी सुटलेली, गुडघ्याला खडू लागलेला.

"आजी, भूक लागलीय. काहीतरी कर ना. बिस्किट नको हां."

रखमाबाई गुडघ्यावर हात टेकून उठायला लागल्या. अर्ध्या उठल्याही. मग परत बसल्या.

"मम्मीला सांग," त्या म्हणाल्या.

"मम्मीला?"

"हो. आज मम्मी करणार आहे."

सान्वी क्षणभर दोघींकडे बघत राहिली. रसिकाने ओढणी कमरेला खोचली आणि ती आत गेली. सान्वी दारातच रेंगाळली, मग तीही आत गेली.

आतून डबा उघडल्याचा आवाज आला. रवा होता तो. झाकण बंद झालं. मग दुसरा उघडला, तूरडाळीचा. मग वरच्या फळीवरचा एक खाली आला आणि पुन्हा वर गेला. पोहे खालच्या फळीवर होते, कढईच्या मागे. रखमाबाईंच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी पदराचा बोळा करून तोंडावर धरला आणि कॉटची कड घट्ट पकडली.

"मम्मी, तिकडे नाही," सान्वीचा आवाज आला. "सरक. मी दाखवते."

कढई बाहेर ओढल्याचा आवाज आला. मग पोहे भिजवायला नळ सुटला, आणि आत दोघींचं काहीतरी बोलणं सुरू झालं. बाहेर शब्द कळत नव्हते. रखमाबाई बसून राहिल्या.