उनाड पैसे

"उरलं तर बघू."

आईचा हा आवाज मला अजून ऐकू येतो. दातांत सुई धरलेली असायची, त्यामुळे शब्द ओठांच्या कडेने, अर्धेमुर्धेच बाहेर पडायचे. खिडकीपाशी ती पाय दुमडून बसायची. डाव्या हाताला न झालेल्या शर्टांची चळत, उजव्या हाताला झालेल्यांची. ती काज-बटण करायची. कारखान्यातून गठ्ठे यायचे, डझनावर पैसे मिळायचे. मेणाच्या गोळ्यावरून दोरा ओढायचा, ब्लेडने चीर पाडायची आणि तिच्या कडेकडेने टाके घालत जायचं, इतके दाट की दोन टाक्यांत नख शिरू नये.

मी तेव्हा सात वर्षांची. मला शिट्टी हवी होती, लाल.

"कधी उरेल?"

"उरलं की."

उरायचं नाही. भाडं उरू द्यायचं नाही, वडिलांची छाती उरू द्यायची नाही. त्यांच्या औषधाची बाटली घरातल्या सगळ्या बाटल्यांत महाग. मला काय मिळालं नाही, हे मला ठाऊक होतं. तिला काय हवं होतं, हे मात्र मला कधीच कळलं नाही. तिने काही मागितल्याचं मला आठवत नाही. हात चालता चालता ती स्वतःशीच गुणगुणायची,

*बारा काजांचा गं डझन, सुई चालते भराभरा*
*कुणाच्या छातीवर मिरवे, माझ्या बोटाचा चरा*

आणि मग चळत बदलायची.

माझं लग्न झालं ते लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याशी. तो दिवसभर लोकांना वर-खाली करायच्या यंत्रात हात घालून बसतो आणि घरी आल्यावर म्हणतो, "आपण मात्र तळमजल्यावरच." मी लॉन्ड्रीत कामाला. हॉटेलांच्या चादरी येतात, गरम रोलरखालून निघतात, आणि दोघी-दोघींनी समोरासमोर उभं राहून त्यांची घडी घालायची. चादर एकटीला आवरत नाही.

पहिल्या वर्षी आमचं भांडण झालं, तेही एका कंगव्यावरून. मी नवा कंगवा घेतला होता आणि पिठाच्या डब्यामागे लपवला होता. नेमक्या त्याच डब्यामागे त्याने दोन मासिकं लपवली होती. दोघांनी एकाच वेळी हात घातला. आधी आम्ही हसलो. मग एकमेकांना खर्चिक म्हटलं, आणि रात्री दोघंही भिंतीकडे तोंड करून पडलो. एवढ्याशा वस्तूंसाठी आम्ही एकमेकांशी खोटं बोललो होतो, याची लाज वस्तूंच्या किमतीहून कितीतरी मोठी होती.

त्यातून नियम झाला. पगार आला की भाड्याच्या, दुधाच्या, दिव्याच्या बिलाच्या आधी थोडे पैसे बाजूला काढायचे. त्याचे त्याला, माझे मला. ते कुठे गेले, कुणी विचारायचं नाही. घरासाठी वापरायचे नाहीत. महिना संपायच्या आत उडवायचे. नवऱ्याने त्यांना नाव ठेवलं, उनाड पैसे. "बाकीचे सगळे पैसे कामाला जातात," तो म्हणाला, "घरटी दोन उनाड असायलाच हवेत." बेअरिंगचे दोन रिकामे पत्र्याचे डबे त्याने घासूनपुसून आणले आणि फळीवर ठेवले.

वडील गेले आणि आई आमच्याकडे राहायला आली, तेव्हा मी तिसरा डबा ठेवला.

"मला काय करायचेत?" ती म्हणाली. "दोन वेळा जेवते. अंगावर कपडा आहे."

"म्हणूनच. जेवण आणि कपडा सोडून कशालाही."

"म्हणजे कशाला?"

"ते तू ठरव. मी विचारणार नाही."

तिने डबा हातात घेतला, उघडला, बंद केला, आणि दुसऱ्याच्या घरची वस्तू परत ठेवावी तसा अलगद फळीवर ठेवला. पण महिनाअखेरीस डबा रिकामा असायचा. दर महिन्याला. मी मनातल्या मनात हरखून जायचे. म्हातारी उडवतेय! समोरच्या चौकापर्यंत रोज चक्कर मारते, तिथे काहीतरी खात असेल, कुणाला काही देत असेल. मी विचारलं नाही. नियम मोडायची खाज यायची, पण मूग गिळून बसले.

मागच्या वर्षी डॉक्टरांनी तिचे डोळे तपासले. डोळ्यामागची नस सुकत चाललीय, म्हणाले. गेलेली नजर परत येणार नाही. थेंब टाकत राहिलं तर आहे ती वर्षभर, फार तर दीड वर्ष टिकेल. आई माझ्या शेजारीच बसली होती. तिने ऐकलं आणि एवढंच विचारलं, "थेंबांची बाटली केवढ्याला?"

त्याच सुमारास नवऱ्याचं जादा काम बंद झालं. थेंब आले, जादाचे पैसे गेले. मी वही घेऊन बसले आणि सगळीकडे कात्री लावली. उनाड पैसे निम्मे केले, पण बंद केले नाहीत. उलट आईचा डबा मी पुरता भरत राहिले आणि माझ्या वाट्यातून त्याची भर काढली. मला एकच घाई झाली होती. जिने चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या छातीवरची भोकं शिवण्यात डोळे घातले, तिने उरलेल्या नजरेत स्वतःसाठी काहीतरी पाहावं, घ्यावं. एकदा तरी.

आणि नवल म्हणजे, घर चालत होतं. फळीवर कान तुटलेला कप होता, त्यात दुधाचे पैसे. दूध महागलं तरी कपात महिनाअखेरीस दोन-चार नाणी असायचीच. मी लॉन्ड्रीत फुशारकी मारली.

माझी घडीची जोडीदारीण मोठ्या तोंडाची. सगळे तिला तोफ म्हणतात. चादरीचं दुसरं टोक धरून ती म्हणाली, "कसं काय जमवतेस गं?"

"हाताला बरकत आहे," मी म्हणाले.

"बरकत!" तोफ कडाडली. "बरकत-बिरकत काही नसते, बाई. कुणीतरी मागून भरत असतं. माझ्या पाकिटालाही मोठी बरकत होती. सासरे गेले, त्याच महिन्यात बरकत पण गेली."

बायका हसल्या. मीही हसले. पण चादरीची कड माझ्या हातून निसटली.

चार दिवसांनी दुपारी बॉयलर बंद पडला आणि आम्हाला घरी सोडलं. दार नुसतं लोटलेलं होतं. आई फळीपाशी उभी होती, पाठमोरी. हातात तिचा पत्र्याचा डबा. ती एकेक नाणं बोटांनी चाचपायची, कडेवरून अंगठा फिरवून ओळखायची आणि कपात सोडायची. आवाज होत नव्हता. कपाच्या तळाशी तिने फडक्याची घडी घातली होती.

"आई."

ती दचकली नाही. हातातलं नाणं तिने आधी कपात सोडलं, मग वळली.

"लवकर आलीस?"

"किती दिवसांपासून चाललंय हे?"

"काय?"

"आई!"

"सुरुवातीपासून," ती म्हणाली. आणि मग, जरा हसून, "तूच म्हणालीस ना, कुठे गेले विचारायचं नाही?"

"घरासाठी वापरायचे नाहीत, असंही म्हणाले होते."

"उडवायचे होते ना? मी उडवले. दुधावर उडवले."

माझ्या तोंडून काय काय निघालं, ते सगळं लिहवत नाही. तू मला फसवलंस, म्हणाले. मी तुला देतेय असं मला वाटत होतं आणि तूच मला पोसत होतीस, म्हणाले. शेवटी, "तुला काहीच नको असतं, म्हणून तुझ्यासमोर आम्ही सगळे हावरट ठरतो," हेही म्हणाले. हे शेवटचं बोलायला नको होतं. ती खाटेवर बसली. उजव्या हाताची तर्जनी अंगठ्याने चोळू लागली, सुई टोचायची तिथे. नजर माझ्याकडे होती, पण मी तिला नीट दिसत नसेन, हे मला ठाऊक होतं.

संध्याकाळी नवरा आला. घरातली शांतता त्याने दारातच ओळखली. त्याला सगळं सांगितलं.

"आई, तुम्ही वकील व्हायला हव्या होत्या," तो म्हणाला. "दुधावर उडवले! आमच्या साहेबांना अशी पळवाट सुचायची नाही."

आई किंचित हसली. मी नाही.

भांडी घासताना तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला. "एवढी का चिडलीस?"

"तिला वर्षभरच दिसणार आहे. आणि ती दूध विकत घेतेय."

"मग तिने काय घ्यायला हवं?"

"काहीही. तिला हवं ते."

तो थोडा वेळ थाळी पुसत राहिला. "विचारत नाही हं. नियम आहे. पण मला डोळे आहेत. गेल्या महिन्यात तुझ्या उनाड पैशांतून घरात काय आलं? पायपुसणं. त्याच्या आधी चाळणी. त्याच्या आधी माझे मोजे."

"जुनी चाळणी फाटली होती."

"चाळणी कधी उनाड असते का गं?"

नळ वाहत राहिला. तेरा वर्षांपूर्वी नियम मी केला, मी पाळायला लावला, आणि मीच आईसारखी मागच्या दाराने पैसे परत कामाला लावत होते. फरक इतकाच की ती कपात फडकं घालायची आणि मी चाळणी भिंतीला उघड टांगायचे.

तीन आठवडे मी आणि आई कामापुरतं बोललो. थेंब घातले का, घातले. जेवतेस का, बस तू आधी. तिचा डबा मी तसाच ठेवला होता. ती त्याला हात लावत नव्हती, कपालाही नाही. कप महिन्याच्या वीस तारखेलाच रिकामा झाला. उरलेले दिवस आम्ही कोरा चहा प्यायलो. एकदा खिडकीत उभी असताना तिने विचारलं, "समोर कुणी उभं आहे का?" समोर कपडे वाळत घातले होते.

पगाराचा दिवस शनिवारी आला. नवरा कामावर होता. दुपारचं ऊन तिच्या खाटेवर पडलं होतं. मी वाटे करून तिच्या शेजारी जाऊन बसले. तिचे पैसे डब्यात टाकले नाहीत, तिच्या मुठीत ठेवले आणि मूठ माझ्या हातांनी मिटली.

"मी आज नियम मोडणार आहे," मी म्हणाले. "विचारणार आहे."

"काय?"

"तुला काय हवंय?"

"मला काही नको गं, पोरी."

"आई, ऐक. तीन महिन्यांपूर्वी मी दुकानात एक अत्तराची बाटली हातात घेतली. एवढीशी, बोटाएवढी. पैसे माझेच होते, उडवण्यासाठीच काढलेले. वास घेतला. आवडला. आणि परत ठेवली. चोरी पकडली गेल्यासारखी छाती धडधडत होती. बाहेर येऊन चाळणी घेतली, तेव्हा कुठे धडधड थांबली."

ती ऐकत होती. मान एका बाजूला कललेली, जसं आताशा ती ऐकते, चेहऱ्याऐवजी आवाजाकडे बघत.

"मला घेता येत नाही," मी म्हणाले. "तू कधी घेतलेलंच मी पाहिलं नाही, मग मला कसं येणार? ते मला कुणाकडून शिकायचं? दुधाचं आम्ही बघू. कोरा प्यायलो, मेलो नाही. पण तू 'नको' म्हणालीस की माझ्याही तोंडचं 'हवं' जातं."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली, गेलं. तिची मूठ माझ्या हातात होती, तिच्यातली नाणी तिच्या घामाने ओली झाली होती. मला वाटलं, आता ती उठेल, भांड्यांकडे जाईल. पण ती उठली नाही. तिचा खालचा ओठ हलला, थांबला, पुन्हा हलला. एखादा दोरा सुईच्या भोकाशी दोनदा चुकावा तसा.

"हसशील," ती म्हणाली.

"नाही."

"जावयांना सांगू नकोस."

"नाही सांगत."

"टॅक्सीत बसायचंय मला."

मी तिच्या आणखी जवळ सरकले.

"तीनदा बसले आयुष्यात," ती म्हणाली. आवाज इतका हळू की मी वाकले. "एकदा माझी आई मांडीवर होती. एकदा तुझे वडील. तिसऱ्यांदा तू, तुझं पोटातलं बाळ गेलं तेव्हा. तिन्ही वेळा मी खाली बघत होते, श्वास चाललाय का ते. बाहेर काय होतं, मला माहीत नाही. कुठल्या रस्त्याने गेलो, तेही नाही. कुणी आजारी नसताना बसायचंय. मागे, खिडकीशी, एकटीने. कुठेच जायचं नसताना. ड्रायव्हरने विचारलं, कुठे, तर म्हणायचंय, नुसतं चालव. मला बघायचंय."

तिने मूठ उघडली.

"एवढ्यात किती वेळ चालवेल गं तो?"