शेवटचा रकाना

"ताई, रागावणार नसशील तर एक विचारू?" क्षितिजा म्हणाली, आणि तेव्हाच मला कळलं की जे विचारायचं ते ती कधीच ठरवून आली आहे.

मी एका शेतकऱ्याच्या पँटची चेन बदलत होते. मशीन थांबवलं नाही. तिने पिशवीतून एक निळा टी-शर्ट आणि एक स्कॉर्ट काढला, म्हणजे आतून चड्डी असलेला आखूड स्कर्ट, आणि दोन्ही माझ्या कटिंगच्या टेबलावर पसरले. शर्टावर शाळेचं नाव छापलेलं होतं. दोन धुण्यांत उडालं असतं.

"जानेवारीपासून हा युनिफॉर्म. ऑनलाइन ऑर्डर, घरपोच. काल शाळेच्या पालक कमिटीत पास झालं. इट्स नथिंग पर्सनल हं, ताई."

अकरा वर्षं यारोंबाच्या शाळेचा गणवेश मी शिवत होते. निळ्या चौकड्यांचे फ्रॉक, राखाडी पँटी, आकाशी शर्ट. यारोंबा म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबाच्या दक्षिणेला दीड तासावरचं गाव. एक मेन स्ट्रीट, दोन पब, एक बेकरी, मंगळवारी गुरांचा बाजार. माझा नवरा अनुप टूवूंबाला युनिव्हर्सिटीत शिकला, मग पीआरसाठी, म्हणजे कायमचं राहायच्या परवान्यासाठी, इथल्या कौन्सिलात चिकटला, आणि पीआर मिळाल्यावर हलायचं आम्ही विसरून गेलो. लग्नाआधी मी सोलापूरला गणवेशांच्या कारखान्यात पाच वर्षं कटिंग केलं होतं. त्यामुळे मला इथे काही नवीन शिकावं लागलं नाही, फक्त मुलं जरा रुंद होती.

आणि ही क्षितिजा. दोन वर्षांपूर्वी सिडनीच्या स्कोफिल्ड्समधून नवरा आणि मुलगा घेऊन आली तेव्हा तीन आठवडे आमच्या घरी राहिली. मेडिकल सेंटरमध्ये नोकरी आहे हे तिला मी सांगितलं. भाड्याचं घर मी शोधलं. गावात मराठी बोलायला कोणी आलं म्हणून मी इतकी हरखले होते की पहिल्या रविवारी पुरणपोळ्या केल्या. कमिटीत जा, ओळखी होतील, हेही मीच सुचवलं. स्वतःच्या हाताने स्वतःचं नुकसान करून घेण्यात माझा हात कोणी धरू नये.

"विचार," मी म्हणाले.

"त्या कंपनीचा साइझेसचा फार घोळ होतो म्हणे. तुझ्याकडे सगळ्या मुलांची मापं आहेत ना? दोन दिवस वही दिलीस तर मी एक्सेलमध्ये टाकते. तुझ्याशिवाय कोणाला एवढं डिटेल माहीत नाही."

माझ्या पोटावर पाय द्यायचा आणि त्यासाठी बूटही माझ्याकडेच मागायचे. डोक्यात अशी तिडीक गेली की सुई वाकडी पडली आणि तुटली. पण मी वही दिली. का दिली ते खरं सांगते. नाही म्हटलं असतं तर गावभर झालं असतं की गिरिजा जळफळते आहे. मला मोठेपणा दाखवायचा होता. मुलांचे हाल नकोत, घेऊन जा, असं मी अगदी हसून म्हणाले.

त्या वहीत काय आहे याचा मी त्या क्षणी विचारसुद्धा केला नाही.

वही लांब, जाड पुठ्ठ्याची. एकेका पानावर एकेक मूल. उंची, छाती, कंबर, खांदा, आणि सगळ्यांत शेवटी शेरा. सोलापूरला आमचे मास्तर तसा रकाना आखायचे, म्हणून मीही आखला. 'उजवा खांदा खाली.' 'कॉलर टोचते, आतून मऊ कापड.' 'झपाट्याने वाढतोय, दाब तीन इंच, नंतर सोडायला.' सगळं मराठीत, कारण हाताला तेच वळण, आणि गावात ते वाचणारं होतं कोण.

पण त्या रकान्यात आणखीही काही होतं. मूल मोठं झालं की लोक जुना फ्रॉक माझ्याकडेच टाकून नवा नेत. तो मी उसवायचे, कॉलर बदलायचे, नवी बटणं लावायचे, दुसऱ्या मुलीच्या मापाचा करायचे आणि कडक इस्त्री मारून ठेवायचे. मग ज्या घरी गरज असेल त्या आईला सांगायचे, मिलमधून कापड जरा डागाळलेलं आलं, सेकंड्स आहे, अर्ध्या किमतीत ने. फुकट दिलेलं या गावात कोणी घेत नाही. घरी पिकलेल्या भोपळ्यांच्या पिशव्या ही माणसं एकमेकांच्या दारात ठेवतील, पण मुलाच्या अंगावरचा कपडा कोणाकडून घेणार नाहीत.

लिअॅन डननेच मला ते शिकवलं. चार वर्षांपूर्वी तिचा नवरा कत्तलखान्यात पाठ दुखावून कामातून गेला. ती गुरांच्या खाद्याच्या दुकानात पोती उचलायला लागली. मी तिच्या कायलीसाठी एक फ्रॉक नुसताच पुढे केला, तर तिने तो घडी घालून परत टेबलावर ठेवला. "वी आर नॉट अ चॅरिटी केस, लव्ह." आवाज चढवला नाही. त्यानंतर मी सेकंड्सची कथा रचली, आणि कायली चार वर्षं नीटनेटकी शाळेत गेली.

कोणाचा फ्रॉक कोणाला गेला हे लिहून ठेवणं भागच होतं. एकाच वर्गातल्या मुलीचा फ्रॉक दुसरीच्या अंगावर जाऊन चाललं नसतं. म्हणून कायलीच्या पानावर लिहिलेलं होतं: 'इमोजेनचा जुना. ती दोन वर्षं पुढे आहे, चालेल. बाप घरी बसून. आईला कळता कामा नये.'

पुढच्या गुरुवारी दुपारी अनुप ऑफिसातून लवकर आला. दुकानाच्या दारात उभा राहिला आणि त्याने नुसता फोन माझ्या हातात दिला.

पालकांच्या फेसबुक ग्रुपवर यादी टाकली होती. प्रत्येकाने आपापल्या मुलाचं माप तपासून घ्यावं, अशी वर प्रेमळ सूचना. एकशे चौऱ्याहत्तर मुलं, ए टू झेड. आणि शेवटी रिमार्क्सचा कॉलम. स्वच्छ इंग्रजीत भाषांतर करून. सत्तावीस मुलांच्या नावांपुढे कोणाचा जुना कपडा, कोणाचा बाप घरी, कोणाची आई औषधं घेते. कायली डन हिच्या पुढे, 'आईला कळता कामा नये.' तेसुद्धा. तेसुद्धा तिने भाषांतर करून लिहिलं होतं.

"काढायला सांगितलंय," अनुप म्हणाला. "पण चार तास होती ती तिथे."

मी दुकानाला कुलूप न लावता चालत मेडिकल सेंटरला गेले. क्षितिजा रिसेप्शनला होती. मला पाहून ती उठली आणि मागच्या चहाच्या खोलीत घेऊन गेली.

"ताई, आय नो. मी कमिटीच्या ईमेलवर पाठवली होती फक्त. ट्रेझररने ग्रुपवर टाकली. मी काय करू?"

"तू टाइप केलीस ना?"

"हो, पण जसं होतं तसं केलं. मी मनाचं काही घातलं नाही त्यात."

"आईला कळता कामा नये, हे टाइप करताना तुझा हात थांबला नाही?"

तिने दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "शिफ्ट करून, ओजसचं जेवण करून, मधेमधे करत होते गं. एकशे चौऱ्याहत्तर एन्ट्रीज. वाचतच नव्हते मी. डेटा असतो तसं फक्त उतरवत गेले."

"इथे पेशंटची फाइल उघडायला तू चार पासवर्ड घालतेस."

"ते वेगळं आहे, ताई."

"काय वेगळं आहे? त्या पांढऱ्या कोटवाल्यांचं गुपित असतं आणि शिंपिणीचं नसतं?" माझा आवाज बाहेरच्या पेशंटांपर्यंत गेला असणार. जाऊ दे, म्हटलं. "अख्ख्या गावात ती वही वाचू शकणारी तू एकटी होतीस, क्षितिजा. दुसऱ्या कोणाच्याही हातात दिली असती तर त्याला फक्त आकडे कळले असते. तू आपली म्हणून दिली."

तिचे डोळे भरले. मला जराही दया आली नाही. मग ती हळूच म्हणाली, "पण ताई, तू ते लिहिलंसच कशाला?"

याला माझ्याकडे उत्तर होतं. कोणाचा फ्रॉक नको तिथे जाऊ नये म्हणून. पण बाप घरी बसलाय, कोणाची आई औषधं घेते, हे कशाला? फ्रॉक कापायला ते लागत नाही. मी ते का लिहीत होते, मलाही सांगता आलं नाही. मी तिथून निघाले तेव्हा माझा राग अर्धा तिच्यावर होता आणि अर्धा कुठे ठेवावा ते कळत नव्हतं.

संध्याकाळी कमिटीच्या अध्यक्षबाईंचा फोन आला. खूप दुःख झालंय म्हणाल्या. प्रायव्हसीचा प्रश्न आहे म्हणाल्या. तर शाळेच्या न्यूजलेटरमध्ये मी दोन ओळींची माफी लिहून द्यावी, म्हणजे सगळ्यांना पुढे जाता येईल.

"यादी ग्रुपवर मी टाकली नाही," मी म्हटलं.

"नो नो, ऑफ कोर्स. पण नोंदी तुमच्या होत्या ना."

काम काढून घेतलं ते यांनी, वही मागितली ती यांनी, गावाच्या चव्हाट्यावर मांडली ती यांनी, आणि तोंड काळं करून उभं राहायचं ते मी. मी सांगितलं, न्यूजलेटरमध्ये नाही लिहिणार. ज्यांची मागायची त्यांच्या दारात जाऊन मागेन. बाई "नो वरीज" म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून मी घरोघर गेले. सत्तावीस घरं. काहींनी चहा दिला, काहींनी जाळीच्या दाराआडूनच मान हलवली. एका आजोबांनी विचारलं की तुझ्या देशात असं चालतं का. मी म्हटलं, माझ्या देशातही चालत नाही.

लिअॅनकडे सर्वांत आधी जायला हवं होतं. मी तिला शेवटी ठेवलं, कारण मला तिची भीती वाटत होती. मी जायच्या आधी तीच आली. शनिवारी सकाळी, दुकान उघडताना. तिच्या हातात तीन फ्रॉक होते, धुतलेले, इस्त्री केलेले. तिने ते टेबलावर ठेवले आणि वरच्या फ्रॉकचा खिसा उलटा करून मला दाखवला. कडेला शाईचा जुना, फिकट ठिपका होता.

"काल इमोजेनने माझ्या मुलीला सगळ्यांसमोर विचारलं, 'माझ्या खिशात शाई सांडली होती, ती अजून आहे का?'" लिअॅन इंग्रजीत सावकाश बोलत होती, मला नीट कळावं म्हणून. "मला वाटायचं, हाच तो मिलचा डाग. मी तो दर आठवड्याला घासायचे."

"लिअॅन, आय अॅम सॉरी. खरंच."

"मला माहितीये तू वाईट मनाने केलं नाहीस." तिने खिसा पुन्हा सरळ केला. "पण घ्यायचा की नाही हे माझं मला ठरवू द्यायचं होतंस. चार वर्षं मी गावात सांगत होते की आम्ही कोणाकडून काही घेत नाही. यू लेट मी से इट."

मला खूप काही बोलायचं होतं. कायली थंडीत आखूड फ्रॉकमध्ये कुडकुडली असती, हे. मी तुझ्यासाठीच खोटं बोलले, हे. ते सगळं खरं होतं, आणि तिच्यासमोर त्यातलं काहीही बोलायला तोंड नव्हतं. ती गेली. फ्रॉक मी तिथेच राहू दिले, दिवसभर त्यांच्याच बाजूला बसून काम केलं.

डिसेंबरात शाळेला सुट्टी लागली. क्षितिजाने दोनदा मेसेज केला, एकदा दाराशी केक ठेवून गेली. अनुप म्हणाला, किती दिवस धरून बसणार आहेस? मी म्हटलं, मोजलेले नाहीत. केक त्याने खाल्ला.

जानेवारीच्या शेवटी पार्सलं आली. कंपनीचा कधी नव्हे तो साइझचा एकही घोळ झाला नाही, अख्खी कमिटी खूश होती. बरोबर आहे. मापं कोणाची होती? शाळेच्या पहिल्या दिवशी तीन वाजता मी दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिले. मला बघायचंच होतं. पोरं घोळक्याने येत होती, सगळी निळी, छातीवर शाळेचं नाव. "हाय मिसेस जी," म्हणत होती. त्यांना माझ्यावर राग नव्हता. मीही हात केला.

मागून कायली एकटी येत होती. तिचा टी-शर्ट एक साइझ मोठा होता. यादीतलं माप सोडून लिअॅनने स्वतःच्या अंदाजाने मागवला असणार. पाकिटाच्या घड्या अजून तशाच उमटलेल्या. तीन दुकानं अलीकडे बेकरीपाशी तिने मला पाहिलं आणि ती थांबली. मग उजवीकडे डावीकडे बघून तिने नीट रस्ता ओलांडला.

आमच्या बाजूच्या दुकानांना पुढे छत आहे. समोर नुसती शेतीच्या यंत्रांची मोकळी जागा, तारेचं कुंपण आणि पस्तीस डिग्रीचं ऊन. ती त्या कुंपणाला धरून खाली बघत चालत गेली. माझं दुकान मागे पडल्यावर पोस्टापाशी तिने पुन्हा दोन्हीकडे पाहिलं, आणि रस्ता ओलांडून सावलीत आली.