मंजुरी द्यायची कुणी?

बाळंतपणाच्या वॉर्डची मी हेडसिस्टर. माझं तोंड फटकळ आहे हे सगळ्या सरकारी दवाखान्याला ठाऊक आहे, आणि त्याचं मला काही वाटत नाही. पण मध्यंतरी या तोंडालाच कुलूप लागलं. हत्यारं वाफेवर निर्जंतुक करायचं यंत्र बंद पडलं, त्यापायी वॉर्डही बंद, आणि नेमके माझ्या सुनेचे दिवस भरत आलेले. तिचा हट्ट, "आई, मी तुमच्याच वॉर्डात येणार." विहीणबाई म्हणाल्या, "ते यंत्र सुधारेपर्यंत बाळ शाळेत जाईल हो."

त्याच सुमारास नवी पद्धत सुरू झाली. दवाखान्याचा निधी थेट दवाखान्याच्या हाती, आणि तो कशावर खर्चायचा ते इथलीच समिती ठरवणार. मोठे डॉक्टर, हेडक्लार्क, औषधांच्या खोलीतली बाई आणि मी. म्हटलं, चला, सुंठीवाचून खोकला गेला.

पहिल्याच बैठकीत यंत्र दुरुस्त करायचं ठरलं. लगेच हेडक्लार्कने सवयीप्रमाणे सुबक अक्षरात अर्ज लिहिला, "मंजुरी मिळावी, ही विनंती." आम्हीही सवयीप्रमाणे तो मुख्य कार्यालयाकडे धाडला आणि चातकासारखी वाट बघत बसलो. अखेर उत्तर आलं, मंजुरी तुम्हीच द्यायची आहे.

पुन्हा बैठक. सही कुणी करायची? मोठे डॉक्टर चष्मा पुसायला लागले. हेडक्लार्क म्हणाला, "सिस्टर, वॉर्ड तुमचा, सही तुमची. नियमातच आहे तसं."

मी पेन घेतलं आणि हात अडला. खरंच घाबरले. इतकी वर्षं काही बिघडलं की वरच्यांच्या नावाने बोटं मोडायची आणि मोकळं व्हायचं. आता दुरुस्ती फसली, तर बोटं माझ्या नावाने मोडली जाणार. त्यात पहिली विहीणबाईंची.

"एरवी जिभेची तलवार चालवता," औषधांच्या खोलीतली बाई म्हणाली, "आज जरा पेन चालवा."

केली सही. मेकॅनिक आला, त्याने झाकणाचं झिजलेलं रबर बदललं, वाफ कोंडून दाखवली. मी त्याला पुन्हा कोंडायला लावली. तो वैतागला, वैतागू दे. वॉर्ड उघडला आणि त्याच आठवड्यात माझ्या हातावर माझी नात आली. इतका आनंद झाला की डोळे पुसायला रुमाल सापडेना.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात विहीणबाई नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "सगळं छान आहे हो," त्या म्हणाल्या, "पण हा नळ रात्रभर टपटपतो. कुठे तक्रार करायची?"

'वरच्यांना कुठे पडलीये', हे अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळलं.

"केलीत ना आत्ता," मी म्हटलं, आणि प्लंबरला फोन लावला.